शब्दचर्चा : ‘भाव न देणे’, ‘शिष्ट’ आणि ‘गडी’ (परदेशातल्या फटफटीवाल्यांच्या निमित्ताने)

करंजीकर

एका लेखासाठी दोन शब्द हवे आहेत. माझा मावसभाऊ बरीच वर्षं मस्कतला नोकरीला आहे. तिथं मोटरसायकलवाल्यांचा त्यांचा एक गट आहे, सगळे बाहेरच्या देशांतून पोटासाठी आलेले. कुणी केरळचा, कुणी स्कॉटलंडचा, कुणी फिलिपिन्सचा, आणि हा आपल्या पांढरकवड्याचा. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. उन्हाळ्यात पहाटे अंधारात निघायचं आणि ऊन तापायच्या आत घर गाठायचं.

त्यानं सांगितलेल्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. सूर शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुण्या अनोळखी माणसाच्या गाडीची चेन तुटली, तर अख्खा गट थांबला आणि गाडी सुरू होईपर्यंत कुणी हललं नाही. त्याच गटात छोट्या इंजिनाची गाडी घेऊन एक नवा पोरगा आला, तर चहाच्या टेबलावर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. आणि जेवण पोचवणारी पोरं सिग्नलला शेजारी येऊन उभी राहतात, त्यांच्याकडे तर कुणी मानही वळवत नाही. तीही परदेशातून आलेली, तीही दिवसभर दुचाकीवरच.

पहिल्या गोष्टीला ‘बंधुभाव’ म्हणवत नाही, तो शब्द भाषणातला. दुसरीला ‘उच्चभ्रूपणा’ म्हणावं तर ते वर्तमानपत्री होतं. आपल्या यवतमाळ-चंद्रपूर-वर्धेकडे लोक बोलताना खरंच काय म्हणतात, ते वापराच्या वाक्यासकट सांगा.

पाटणबोरीवाला

भाऊ, आमच्याइकडं याले साधं ‘भाव नाई देत’ म्हनतात. ‘भाव खाते’ वेगळं अन् ‘भाव नाई देत’ वेगळं. भाव खानाऱ्याले वाटते का लोकायनं पाहावं. तो चौकात मुद्दाम रेस करते, गॉगल काढते, पुन्हा घालते. भाव न देनारा तुमच्याइकडं पाह्यतच नाई. मानसाले लागते ते हे दुसरं.

माह्यं पंक्चरचं दुकान चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर हाय. काश्मीर-कन्याकुमारी करनारे सारे इथूनच जातात. हैदराबादले नोकरीवर असलेले काही परदेशी लोकं बी येतात, टिपेश्वरच्या अभयारण्यातला वाघ पाहाले. एकदा तशाच एका टोळीतल्या गाडीचं मागचं चाक बसलं. गाडी अडीच क्विंटलची, मधला स्टँड नाई. साइड स्टँडवर तिरपी करून चाक उचलावं लागते, अन् तसं कोनी तरी धरून राहावं लागते. कापसाची बंडी, म्हंजे बैलगाडी, घेऊन चाललेला एक मानूस खाली उतरला, त्यानं गाडी छातीले टेकवून धरली. मी टायरातला खिळा काढला, रबराची पट्टी भरली, हवा मारली, थुंकी लावून बुडबुडा पाह्यला. तवर तो हलला नाई. ज्याची गाडी होती तो बी त्याच्या बाजूले खांदा लावून उभा. काम झाल्यावर दोघंई तिथंच मातीत बसून चहा प्याले. संगचे दोघं मात्र सावलीत मोबाइल पाह्यत होते. गाडी कोनं धरली हे बी त्यायले मालूम नसन.

एकाच टोळीतले हो. म्हनून म्हनतो, शब्द टोळीले लावू नका, मानसाले लावा.

आर्वीच्या बाई

पाटणबोरीच्या भाऊंनी केलेला फरक कोशात नोंदवण्याजोगा आहे. मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे ‘शिष्ट’ ह्या शब्दाबद्दल सविस्तर लिहिते, कारण करंजीकरांना हवा असलेला शब्द माझ्या मते तोच आहे.

संस्कृतात शास् ह्या धातूपासून शिष्ट, म्हणजे ज्याला शिकवण मिळाली आहे असा. शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत ह्या शब्दांत तो चांगलाच अर्थ टिकून आहे. पण घरात कुणी ‘फार शिष्ट आहे हो ती’ म्हणालं, तर ते कौतुक नाही हे लहान मुलालाही कळतं. मला हा अर्थपालट फार मोलाचा वाटतो. ज्यांना रीतभात येत होती त्यांनी तिचंच कुंपण केलं, आणि कुंपणाबाहेरच्यांनी त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटवला. हेल्मेट कसं असावं, जॅकेट कसं असावं, रांगेत दोन गाड्यांत किती अंतर ठेवावं, ही मुळात जीव वाचवणारी शिस्त आहे. नव्या पोराला ती समजावून दिली तर ती शिस्तच राहते. त्याला नुसतं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं की शिष्टपणा झाला.

‘आढ्यता’ जवळची आहे, पण तिचा रंग वेगळा. आढ्य म्हणजे श्रीमंत. ‘धनाढ्य’ मध्ये तोच शब्द आहे. आढ्यतेला बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या गाडीची किंमत कुणी विचारली नसताना सांगणारा तो आढ्यताखोर. तुमच्या गाडीकडे एकदा पाहून गप्प होणारा तो शिष्ट.

‘माज’ कृपा करून इथं वापरू नका. तो शेतकऱ्याचा शब्द आहे. म्हैस माजावर येते. पाऊस उघडला नाही आणि डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) लांबली की पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण माजतं. मद् धातूपासून प्राकृतातून आलेला हा शब्द, आणि त्यात न आवरणारी वाढ आहे. सायलेन्सर काढून रात्री गावातून गाड्या पिटाळतात, तो माज. शिष्ट माणूस उलट फारच आवरलेला असतो. ‘मिजास’ फारसी वळणाचा, मूळ अर्थ मनाचा कल किंवा स्वभाव. ‘त्याची मिजास सांभाळावी लागते’ हे एका माणसाबद्दल बोलता येतं, गटाबद्दल नाही.

आर्णीचा, सध्या मस्कत

बाईंचं शिस्त आणि शिष्टपणाचं मापन मान्य. तरी गटाच्या बाजूनं एक सांगतो. इथल्या मोठ्या रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटरपर्यंत असते. त्या वेगाला छोट्या इंजिनाची गाडी थरथरते, मागचे सारखे ब्रेक मारत राहतात, आणि अपघात होतो तो रांगेतल्या तिसऱ्या-चौथ्याचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लांबच्या फेरीला नेत नाहीत, त्यामागे हे कारण आहे. त्याला शिष्टपणा म्हणू नये. चहाच्या टेबलावर न बोलणं मात्र वेगळं. टेबल कुठं १२०नं पळत असतं?

शब्दांची उतरंड इथं रोज कानावर पडते, तीही नोंदवा. कागदोपत्री आम्ही सगळेच परदेशी कामगार. पण ऑफिसात बसणारा ‘एक्स्पॅट’ आणि कॅम्पात राहणारा ‘लेबर’. तसंच दुचाकीचं. जाहिरातीत ‘बाइक रायडर पाहिजे’ असं असतं तेव्हा पार्सल पोचवणारा हवा असतो, म्हणून हौसेनं चालवणारे काहीजण स्वतःला ‘बायकर’ म्हणवतात आणि ‘रायडर’ म्हटलेलं त्यांना रुचत नाही. जो माणूस आठवड्याला सहा दिवस पन्नाशीला टेकलेल्या उन्हात हँडल धरतो, त्याच्याइतकी दुचाकी आमच्यापैकी कुणीच चालवत नाही. त्याला आपल्यातला न मानण्याला मला समर्थन सापडत नाही.

खुणेबद्दलही लिहितो, कारण भाव देण्या-न देण्याची सुरुवात तिथं होते. इथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, म्हणून समोरून येणारा आपल्या डाव्या हाताला येतो. डावा हात क्लचचा, क्षणभर सोडता येतो. तो खाली धरून दोन बोटं दाखवायची. युरोप-अमेरिकेतही हीच चाल. गावी आलो की ही खूण निकामी होते. आपण डावीकडून चालतो, समोरचा उजवीकडे आणि उजव्या मुठीत तर अॅक्सिलरेटर. म्हणून आपल्याकडे मान हलते, नाहीतर बारीक हॉर्न वाजतो. आर्णी-दारव्हा रस्त्यावर समोरच्या स्प्लेंडरवाल्यानं हनुवटी उचलली की तो ओळखीचा असेलच असं नाही. तो भाव देतो आहे, एवढंच.

घाटंजी फाटा

पहिल्या अर्थाला ‘सोबत’ घ्या. मैत्रीला ओळख लागते, बिरादरीत आधी कुणी आत घ्यावं लागतं. सोबतीला रस्ता पुरतो. ‘पारव्यापर्यंत सोबत झाली’ एवढं म्हटलं की कोण, कुठला, कुठल्या जातीचा, कुठल्या गाडीवरचा, काही सांगावं लागत नाही. आमच्या फाट्यावर एसटी चुकलेला माणूस ‘गावापर्यंत येऊ का भाऊ?’ म्हणतो आणि मागच्या सीटवर बसतो. ती सीट चालवणाऱ्याची एकट्याची मानतच नाहीत.

आणखी एक. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईहून येणारी वीस लाखांची गाडी आणि दुधाच्या कॅनांची हिरो होंडा अजून जुन्याच रस्त्यानं जातात, त्याच खड्ड्यांतून. सोबत व्हायला जागा आहे. ती करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आर्वीच्या बाई

‘सोबत’ उत्तमच. मूळ अरबी सोहबत, फारसीतून आपल्याकडे आलेला. म्हणजे हा शब्दही परदेशातून येऊन इथंच राहिला.

पण दोन्ही अर्थ एकाच पोटात असलेला शब्द हवा असेल तर ‘गडी’ पाहा. गडी म्हणजे खेळातला जोडीदार, त्यापासून सवंगडी, आणि ‘पाच गडी बाद’ ह्या क्रिकेटच्या बातमीतलाही तोच. आणि गडी म्हणजे नोकर: घरगडी, सालगडी. पाडव्याला ज्याचं साल ठरतं तो सालगडी, त्याच्या पोराबरोबर मालकाचा पोरगा विटीदांडू खेळतो तेव्हा दोघं एकमेकांचे गडी असतात. पुढं मोठेपणी एक दुसऱ्याचा गडी होतो. शब्द तोच राहतो, नातं उलटंपालटं होतं. मस्कतच्या सिग्नलवर बायकर आणि पार्सलवाला शेजारी उभे असतात तिथं मला हा शब्द आठवला. कोणत्या अर्थानं गडी म्हणायचं हे हाक मारणाऱ्याच्या स्वरावर आहे. ‘अरे गड्या’ मध्ये नोकर कधीच येत नाही.

करंजीकर

सगळ्यांचे आभार. लेखात असं वापरतो आहे, चुकत असेल तर सांगा: ‘रस्त्यावर त्यांची सोबत पक्की, पण थांब्यावर शिष्टपणा सुटत नाही. छोट्या गाडीला ते भाव देत नाहीत, आणि पार्सलवाल्याला तर गडी समजतात, सवंगडी नाही.’ ‘आढ्यता’ एका ठिकाणी येईल, गाडीची किंमत सांगणाऱ्याबद्दल. ‘माज’ काढून टाकला.

ही चर्चा भावाला पाठवली. ‘भाव न देणे’ वाचून त्यानं रात्री फोन केला आणि त्या नव्या पोराचं नाव सांगितलं. इतके दिवस तो नुसता ‘दोनशेवाला’, म्हणजे दोनशे सीसीच्या गाडीवाला, होता.

आपल्या भागात कोलामी आणि गोंडी बोलणारे पुष्कळ आहेत. वाटेत जुळणाऱ्या सोबतीला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि भाव न देणाऱ्याला काय, तेही कुणी लिहावं.