होंडाच्या इंजिनाला एकाच काळात इतक्या शर्यतींत ठेच का लागली?

धागाकर्ता:
गेले काही आठवडे मी २०१५ ते २०१७ या हंगामांतील फॉर्म्युला वन शर्यती पुन्हा पाहत आहे आणि एक कोडे काही केल्या सुटत नाही. ज्या मॅक्लारेन-होंडा जोडीने (संघ व गाडी मॅक्लारेनची, इंजिन होंडाचे) १९८८ साली १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, तीच जोडी २०१५ मध्ये अवघे २७ गुण मिळवून संघांच्या क्रमवारीत नवव्या स्थानी राहिली. अमेरिकेतील इंडीकार या मोटार-शर्यतींच्या मालिकेतही २०१२ पासून सलग सहा वर्षे इंजिन-उत्पादकांचे विजेतेपद शेवरोलेकडे गेले. पुढे २०२२ च्या मोटोजीपी या मोटारसायकल-शर्यतींच्या हंगामात होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. या तिन्ही अपयशांचे मूळ कंपनीच्या कारभारात शोधावे, की प्रत्येक ठिकाणचे कारण वेगळे आहे? यंत्रशास्त्राची जाण असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १:
फॉर्म्युला वनपुरते सांगतो, कारण तेथील दोष बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. २०१४ पासून १.६ लिटरचे व्ही-६ (व्ही-आकारात मांडलेल्या दोन रांगांत सहा सिलिंडर असलेले) टर्बो हायब्रिड, म्हणजे विजेची जोड असलेले, इंजिन सक्तीचे झाले. त्यात टर्बोच्याच दांड्यावर एमजीयू-एच नावाचे जनित्र असे, जे एक्झॉस्टच्या वायूंमधील वाया जाणाऱ्या ऊर्जेतून वीज निर्माण करी. ब्रेक लावताना मिळवायच्या विजेवर प्रत्येक फेरीसाठी मर्यादा होती. या जनित्राच्या विजेवर मात्र तशी मर्यादा नव्हती, आणि खरी लढाई तेथेच होती. मॅक्लारेनला गाडीचा मागचा भाग शक्य तितका अरुंद हवा होता, म्हणून होंडाने टर्बोचे दोन भाग, एक्झॉस्टच्या वायूंनी फिरणारे टर्बाइन आणि इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, हे दोन्ही इंजिनाच्या दोन सिलिंडर-रांगांमधील खाचेत बसवले. जागा अपुरी, म्हणून कॉम्प्रेसर लहान. कॉम्प्रेसर लहान, म्हणून एमजीयू-एचला पुरेशी वीज गोळा करता येईना. परिणामी लांब सरळ पट्ट्याच्या मध्यावरच विजेची सुमारे १६० अश्वशक्तीची जोड संपून जाई आणि मागची गाडी सहज पुढे निघून जाई. सुझुकाला, होंडाच्याच मालकीच्या सर्किटवर, मॅक्लारेनचा चालक फर्नांडो अलोन्सो याने रेडिओवर या इंजिनाला 'जीपी-२ इंजिन' (जीपी-२ ही फॉर्म्युला वनच्या खालची श्रेणी) म्हटले, त्यामागे हेच कारण होते.

२०१६ मध्ये थोडी सुधारणा होऊन ७६ गुण आणि सहावे स्थान मिळाले. मात्र २०१७ साली होंडाने संपूर्ण रचनाच बदलली: कॉम्प्रेसर पुढे, टर्बाइन मागे आणि दोहोंना जोडणारा लांब दांडा. बार्सिलोनातील पहिल्याच चाचणीत तेलाच्या टाकीने दगा दिला. कारखान्यातील स्थिर चाचणी-बाकावर गाडी वळत नाही, त्यामुळे वळणावर टाकीतील तेल कसे हेलकावते हे तेथे दिसलेच नव्हते. पुढे एमजीयू-एच वारंवार निकामी होऊ लागले. होंडा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा एक हंगाम उशिरा आली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. पण तिसऱ्या वर्षी ही सबब फारशी टिकत नाही.

प्रतिसाद २:
इंडीकारला याच मापाने मोजू नये. ती इंजिने फॉर्म्युला वनच्या इंजिनांप्रमाणे जपानमधील साकुरा येथे नव्हे, तर कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरिटा येथे, वेगळ्या चमूकडून तयार होत असत. २.२ लिटरचे व्ही-६, त्यात हायब्रिड प्रणाली नाही आणि नियमही निराळे. होंडाने २०१२ मध्ये एकच टर्बो वापरला, शेवरोलेने दोन; २०१४ पासून दोन टर्बो सर्वांनाच सक्तीचे झाले. शिवाय २०१५ ते २०१७ या काळात गाडीच्या बाह्यांगाचे भागही उत्पादकच पुरवत असल्याने त्या हंगामांतील पराभवाचे सारे खापर इंजिनावर फोडता येत नाही.

२८ मे २०१७ हा दिवस आठवावा. फॉर्म्युला वनची मोनॅकोची शर्यत सोडून अलोन्सो इंडीकारच्या इंडियानापोलिसच्या शर्यतीला गेला, २७ फेऱ्या आघाडीवर राहिला आणि २०० पैकी १७९ व्या फेरीत त्याचे होंडा इंजिन बंद पडले. त्याच शर्यतीत, त्याच अँड्रेटी संघातून, होंडाच्याच इंजिनावर ताकुमा सातो जिंकला. साकुराचे इंजिन मंदही होते आणि नाजूकही. सँटा क्लॅरिटाचे वेगवान होते, पण नाजूक. हे दोन वेगळे आजार आहेत.

धागाकर्ता:
ही माहिती मला पूर्णपणे नवीन आहे, आभारी आहे. मग एका विभागाचे ज्ञान दुसऱ्याला मिळतच नव्हते का?

प्रतिसाद ३:
मिळाले, पण उशिरा, आणि तेही शर्यतींच्या बाहेरून. एमजीयू-एचच्या त्या लांब दांड्याची थरथर आटोक्यात आणण्यासाठी होंडाच्या विमान-इंजिन विभागाची मदत घेण्यात आली. अतिवेगाने फिरणारा दांडा स्थिर ठेवणे हे जेट इंजिन बनवणाऱ्यांचे रोजचेच काम. एमजीयू-एचला मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत मुभा होती, हे ध्यानात घेतले तर त्या मदतीचे मोल कळते. २०१८ मध्ये टोरो रोसो या लहान संघाबरोबर होंडाला फारशा दडपणाविना प्रयोग करता आले, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रियात होंडाच्या इंजिनावर रेड बुल संघाचा मॅक्स व्हर्स्टापेन जिंकला तेव्हा २००६ नंतरचा होंडाचा फॉर्म्युला वनमधील पहिला विजय नोंदला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असाच हा प्रकार वाटतो. त्याहून अजब म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये फॉर्म्युला वनमधून माघारीची घोषणा करून मोकळ्या झालेल्या कंपनीने पुढच्याच वर्षी व्हर्स्टापेनला जगज्जेता होताना पाहिले.

प्रतिसाद ४:
मोटोजीपीला या चर्चेत ओढणे मला पटत नाही. तेथे होंडा केवळ इंजिन पुरवत नाही, अख्खी मोटारसायकल बनवते. होंडाचा चालक मार्क मार्केझ असामान्य होता आणि त्याच्या शैलीला साजेशी, पुढच्या चाकावर विसंबणारी गाडी वर्षानुवर्षे घडत गेली; जुलै २०२० मध्ये स्पेनमधील हेरेथच्या शर्यतीत त्याच्या दंडाचे हाड मोडले तेव्हा ती इतर कोणाला पेलवत नाही हे उघडे पडले. २०२२ साठी मागच्या चाकाची पकड वाढवायला नवी रचना आणली, तर पुढच्या चाकाचा अंदाजच चालकांना येईनासा झाला. त्या वर्षी जर्मनीतील झाक्सनरिंगच्या शर्यतीत होंडाला एकही गुण मिळाला नाही, जे १९८२ नंतर प्रथमच घडले. इंजिनाचा दोष असलाच, तर तो दुरुस्तीच्या संधीचा होता, कारण नियमानुसार हंगामाच्या सुरुवातीला इंजिनाची रचना गोठवली जाई. २०२४ पासून मागे पडलेल्या उत्पादकांना सवलती मिळाल्या आणि हंगाम सुरू असतानाही होंडाला इंजिन बदलता येऊ लागले. त्यानंतर २०२५ मध्ये फ्रान्समधील ल माँला योहान झार्कोने होंडावर शर्यत जिंकली खरी, परंतु त्या दिवशी पाऊस पडत होता, त्यामुळे त्या विजयावरून गाडी सुधारली असे म्हणता येत नाही.