शब्दचर्चा : यंत्राला ‘कळतं’ म्हणावं का?

यावलची लेक :
पुढच्या आठवड्यात जळगावला कॉलेजच्या मुलांपुढे मराठीतून बोलायचं आहे. विषय, यंत्रांना माणसाच्या भावना ओळखायला शिकवणं. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द छापील वाटतो, माझ्या आईच्या तर तोंडात बसत नाही. केळीच्या नुकसानीची तक्रार नोंदवायला तिने फोन केला होता. पलीकडे यंत्राचा आवाज. तो म्हणाला, “तुमची अडचण मी समजू शकते.” आईने फोन ठेवला आणि म्हणाली, “तिले काय कयते!” (आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो.) तेव्हापासून ‘कळणं’ या शब्दावरच अडकले आहे. जाणकारांनी मदत करावी.

अमळनेरकर गुरुजी :
ताई, आईंनी नेमक्या शब्दावर बोट ठेवलं. आधी मूळ संज्ञा पाहू. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ते’ची जी व्याख्या मांडली तिच्यात स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावनांवर लक्ष ठेवणं, त्यांतला फरक ओळखणं आणि त्यानुसार विचार व वागणं ठरवणं एवढं येतं. यातलं ‘स्वतःच्या’ हे यंत्राला लागूच होत नाही, म्हणून तो शब्द यंत्राला मोठा पडतो.

आता ‘कळ’. पोटात कळ येते, यंत्राची कळ दाबतात, कळ सोसतात. ‘कळवळा’ही आहेच. या सगळ्यांची व्युत्पत्ती एक आहे असं मी म्हणत नाही. पण बोलणाऱ्याच्या कानात ते शब्द शेजारी राहतात. “मला तुझं दुःख कळतं” म्हणणाऱ्याला थोडी तरी कळ आली असेल, असं ऐकणारा धरून चालतो. यंत्राने तेच वाक्य उच्चारलं की शब्दाने दिलेला शब्द मोडतो. आईंना राग आला तो त्याचा.

उलट ‘मनकवडा’ पाहा. तो दुसऱ्याच्या मनातलं ओळखतो, त्याला कळवळा असेलच असं नाही. लबाड व्यापारीही मनकवडा असू शकतो. यंत्राला हा शब्द जास्त शोभतो.

धुळेकर :
गुरुजी, ‘मनकवडा’ म्हटलं तरी यंत्राला जास्तच दिल्यासारखं होतं. ते शिकतं कसं ते सांगतो. आवाजाचे, चेहऱ्यांचे नमुने गोळा करतात, माणसं त्यांवर ‘राग’, ‘आनंद’, ‘भीती’ अशा चिठ्ठ्या लावतात आणि नव्या नमुन्याला कुठली चिठ्ठी लागेल ते यंत्र ताडतं. म्हणजे मन बाजूलाच राहतं, ओळखली जाते ती चिठ्ठी. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आधीचं संशोधन तपासून हेच दाखवलं की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने सांगता येत नाही.

आणि आपली गोष्ट? माझी आजी फोनवर “बरं शे” म्हणते. एका सुरात म्हणाली तर खरंच बरं असतं, शेवट ओढला की मी संध्याकाळची एसटी पकडतो. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी धरून) बोलणारे १८ लाखांहून अधिक लोक होते. त्यांचे असे सूर कुणी गोळा करून त्यांवर चिठ्ठ्या लावल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. पुण्या-मुंबईच्या आवाजावर शिकलेलं यंत्र आजीला ‘शांत’ म्हणेल.

माझं मत, ‘भावओळख’ म्हणा. चेहरा ओळखणं तसं भाव ओळखणं. आधी ऐकलेला नसला तरी अर्थ लागतो.

यावलची लेक :
‘भावओळख’ आवडला. पण यंत्र ओळखून थांबत नाही ना, उत्तरही देतं. आणि माणूस त्यात गुंततो. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांचा १९६६ चा ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम तर बोलणाऱ्याचंच वाक्य फिरवून विचारायचा. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. याला काय म्हणावं?

अमळनेरकर गुरुजी :
‘समजूत घालणं’. मराठीत समजणं आणि समजूत घालणं वेगळं आहे, रडणाऱ्या पोराची समजूत त्याचं दुःख न समजताही घालता येते. पुढे यंत्रं हे फार छान करू लागतील, आणि मला काळजी त्याचीच वाटते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत भावना ताडणाऱ्या यंत्रणांना मनाई केली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. आपल्याकडे निदान शब्द तरी नेमके असू द्यावेत.

यावलची लेक :
मग असं करते. ओळखण्याला ‘भावओळख’, उत्तराला ‘समजूत घालणं’. ‘कळणं’ यंत्रासाठी वापरणार नाही. सुरुवात आईच्या वाक्याने करीन, तिच्याच बोलीत.