"पेशी कमी झाल्या" म्हणजे नेमकं काय कमी झालं?

कांचनवेल: डेंग्यूच्या धाग्यावर एकानं लिहिलंय, "पेशी ८० हजारांवर आल्या तरी डॉक्टर नुसतं सलाईन लावतायत, पेशी चढवत नाहीत. दवाखाना बदला, पपईच्या पानांचा रस द्या." हे वाचून गप्प बसवेना. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात आणि प्लेटलेटही. दोन्हीला घरात शब्द एकच, पेशी. पांढऱ्या पेशी ३ हजार झाल्या की फोनवर "पेशी ३ हजार!" एवढंच जातं आणि नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. प्लेटलेट तर ८० हजारांना चढवतच नाहीत. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांखाली गेल्यावर तो विचार होतो.

बाभूळ: लोकांच्या बोलण्यावर खापर फोडू नका. प्लेटलेटला पुस्तकातला शब्द 'बिंबिका', तो कोण बोलतं? रिपोर्ट इंग्रजीत छापायचा, समजावून एक वाक्य सांगायचं नाही आणि वर चूक पेशंटची?

कांचनवेल: रिपोर्टचं मान्य, तेवढंच. 'प्लेटलेट' आता खेड्यातही कळतं, तेच म्हणा. आणि त्याच कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, असतं, ते कुणी विचारतच नाही. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः बारीक रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपल्यानं. रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६ झालं तर प्लेटलेट ९० हजार असल्या तरी पेशंट सांभाळावा लागतो. म्हणून सलाईन, तेही मोजून. जास्त झालं तर छातीत पाणी होतं.

लॅबकट्टा: तुम्ही दोघं आकडा खरा धरून भांडताय. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन. काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात, मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून ओळखताच येत नाही आणि धडधाकट माणसाचा आकडा ४० हजार येतो. रक्त सावकाश आलं किंवा ट्यूब लगेच आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली नाही तरी गुठळी होते. अनपेक्षित आकडा आला की स्लाइड बघायची, निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत मोजायचं आणि त्यातल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं म्हणून आकडा १.१ ने गुणायचा. किती ठिकाणी करतात हे?

बाभूळ: बघा! आणि तुम्ही आम्हाला शब्द शिकवताय. मग "चार बाटल्या आणा" असं तरी का सांगतात?

लॅबकट्टा: चार बाटल्या म्हणजे आरडीपी, वेगवेगळ्या दात्यांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट. एक पिशवी ५ ते १० हजारांनी वाढवते. एसडीपी एकाच दात्याकडून मशीनवर काढतात, ती ३० ते ५० हजारांनी. दोन्ही २० ते २४ अंशांना सतत हलत्या ठेवायच्या, फ्रिजमध्ये नाही, आणि साधारण पाच दिवसांत वापरायच्या. डेंग्यूत चढवलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात. आज उगाच चढवल्या तर उद्या खरंच रक्तस्राव होणाऱ्याला मिळत नाहीत.

बाभूळ: बरं, चढवायचं सोडलं. पण पपईच्या रसानं पेशी वाढतातच, घरोघरी अनुभव आहे.

कांचनवेल: परत पेशी! सहाव्या-सातव्या दिवसानंतर त्या बहुतेकांच्या आपोआप चढतात, श्रेय रसाला जातं. शिवाय तो रस कडूजहर, उलट्या होतात. ताप उतरतानाचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे. सतत उलट्या, पोटदुखी, हिरड्यांतून रक्त, गुंगी ही तेव्हाची धोक्याची लक्षणं. उलटी आजाराची की रसाची, हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं?

बाभूळ: उलटीचा मुद्दा पटला. बाकीचं नाही.

लॅबकट्टा: बाकीचं राहू द्या. तापाला पॅरासिटामॉलच द्या, अॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको. आणि चार-सहा तासांत लघवी झाली नाही तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.