गाडीत मैल ठेवायचे की किलोमीटर?

प्रतापनगर, नागपूरहून

नमस्कार मंडळी,

मुलीनं मला या लिस्टवर घेतलं आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे बफेलोला येऊन राहिलो. तिथून टोरांटोला भाच्याकडे जायचं आहे. जावयांना सुट्टी नाही, तेव्हा मुलीची गाडी मीच चालवीन म्हणतो. आंतरराष्ट्रीय परमिट काढलं आहे. चाळीस वर्षं गाडी चालवतो, समृद्धीवरूनही जाऊन आलो, पण सगळं किलोमीटरमध्ये. मुलीच्या गाडीत मैल दिसतात, आणि ती म्हणते स्क्रीनवर बदलता येतं. मग आल्या आल्याच किलोमीटर करून घ्यावेत काय? चालवताना डोक्यात हिशोब नको वाटतो.

बफेलोहून, माहेर महाल

काका, आल्या आल्या अजिबात बदलू नका. पाटीवर जे एकक असतं तेच गाडीत हवं. आपली सवय त्यात आणायची नाही.

इथल्या पाटीवर नुसतं ६५ लिहिलेलं असतं, पुढे मैल की किलोमीटर काही नाही. ते ताशी ६५ मैल, म्हणजे जवळपास १०५ किलोमीटर. माझे बाबा आले होते तेव्हा त्यांनीही हौसेनं किलोमीटर करून घेतले. हायवेवर पाटी ६५, काटा ६५, बाबा निवांत. प्रत्यक्षात गाडी ताशी ४० मैलांनी चालली होती. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला तो इतक्या जवळून की आम्हा दोघांचेही हात थरथरायला लागले. बाबांची चालवण्यात काही चूक नव्हती, ते पाटीप्रमाणेच चालले होते. म्हणून कळकळीनं सांगते, बफेलोत असाल तोवर मैलच राहू द्या. दोन दिवसांत डोळ्याला सवय होते.

मिसिसागाहून

ताईंशी सहमत. पण उलट्या बाजूचा धोका जास्त मोठा आहे, तो लिहितो.

कॅनडातल्या रस्त्यांच्या पाट्या १९७७ साली किलोमीटरमध्ये बदलल्या. बफेलोहून सीमेवरचा पीस ब्रिज ओलांडून कॅनडात फोर्ट एरीला उतरलात की हायवेवर १०० ची पाटी दिसेल. गाडीत मैल असतील आणि काटा १०० वर नेलात, तर वेग होतो ताशी १६१ किलोमीटर. ओंटारियोत अशा रस्त्यावर मर्यादेपेक्षा ५० नं जास्त गेलं की तो स्टंट ड्रायव्हिंगचा गुन्हा: पोलीस जागेवरच लायसन्स ३० दिवसांसाठी आणि गाडी १४ दिवसांसाठी ताब्यात घेतात. गाडी मुलीची आहे, हे लक्षात असू द्या.

तेव्हा इमिग्रेशन आटोपलं की पहिल्या पेट्रोल पंपावर थांबा, गिअर पार्कमध्ये टाका आणि मग बदला. बहुतेक गाड्यांत सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली युनिट्स असतं, काहींत ते स्टिअरिंगवरच्या बटणांनी उघडतं. मुलीकडून घरीच दोनदा करून घ्या. अनोळखी गाडीत, सीमेवर, मागे रांग लागलेली असताना मेनू शोधत बसणं बरं नाही. गाडीत काट्याचं जुनं मीटर असेल तर बाहेरच्या कड्यावर मैल आणि आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत किलोमीटर असतात, तिथे आतलं कडं वाचायचं. मोबाइलवरच्या नकाशाचं सेटिंग वेगळं असतं, गाडी बदलली म्हणून ते बदलेलच असं नाही.

आणखी एक. किलोमीटर केल्यावर ॲव्हरेजचा आकडा पाहून दचकू नका. आपल्याकडे लिटरला किती किलोमीटर ते पाहतात, जास्त तितकं चांगलं. इथे १०० किलोमीटरला किती लिटर ते दाखवतात, म्हणजे कमी तितकं चांगलं. अमेरिकेत गॅलनला ३० मैल देणारी गाडी इथे ७.८ दाखवेल. आपल्या हिशोबानं ते लिटरला पावणेतेरा किलोमीटर झालं. गाडी बिघडलेली नसते.

सध्या नागपुरात, एरवी लंडनला

काका, मी सुट्टीवर सिव्हिल लाइन्सला आलो आहे, म्हणून हे सुचलं. झिरो माईलच्या जुन्या दगडाजवळ एकदा जाऊन या. रोज तिथून जातो आपण, पण थांबून वाचत नाही. इंग्रजांच्या काळातले आकडे आहेत तिथे: सिवनी ७९, जबलपूर १७०. हे सगळे मैल. सिवनीचे ७९ मैल म्हणजे १२७ किलोमीटर, जबलपूरचे १७० म्हणजे जवळपास २७४. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्याआधीची मोठी माणसं मैलातच बोलायची. माझे आजोबा शेवटपर्यंत कोसात आणि मैलात अंतर सांगत.

मी लंडनला पहिल्यांदा गाडी घेतली तेव्हा पाच-आठ पाठ केलं होतं. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. २५ चे ४०, ५० चे ८०. तेवढं तोंडात बसलं की आकडा वाचताच मन सावध होतं. तिथेही पाट्या मैलात, पण फेरीबोटीनं गाडी फ्रान्सला नेली की पाट्या किलोमीटरच्या. दर वेळी बंदरावर उतरताच मी आधी युनिट बदलतो, मगच पट्टा लावतो.

प्रतापनगरहून

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. काल संध्याकाळी आमच्या हिला घेऊन झिरो माईलला गेलो. सिवनी मला सांगता आलं, जबलपूरला अडकलो, तिनं सांगितलं.

आता असं ठरलं आहे: पाटीवरचा आकडा ती मोठ्यानं वाचेल, काट्यावरचा मी मोठ्यानं सांगेन. वर्धा रोडवर सराव सुरू केला आहे. पंपावर थांबायचं ते कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलं. एक विचारायचं राहिलं, परत बफेलोला येतानाही बदलायचं ना?

बफेलोहून, माहेर महाल

हो काका, परत येताना तर आठवणीनं. बाबांना भोंगा ऐकावा लागला तो याच बाजूला. पुलाअलीकडे उतरलात की आधी थांबा, मैल करा आणि मला फोन करा. काकूंच्या कागदाच्या मागच्या बाजूवर तेही लिहून ठेवा.