अनुभव धागा: दाखल्याच्या दिवशी सोबत कोण होते?

माझा धाकटा भाऊ बौद्धिक अक्षम आहे. वडील गेल्यानंतर त्याच्या कागदपत्रांची कापडी पिशवी माझ्याकडे आली. त्यात १९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्याच्या काळातला हाताने लिहिलेला अपंगत्वाचा दाखला आहे, नंतरचे ऑनलाइन प्रमाणपत्र आहे आणि आपण सगळे ज्याला यूडीआयडी म्हणतो ते दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्रही आहे. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याच कायद्याच्या २४व्या कलमात, ज्यांना आधाराची अधिक गरज आहे त्यांच्यासाठी मदतनीस भत्त्याचाही उल्लेख आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. तरीही माझा अनुभव असा की शासनाकडून वस्तू मिळते, थोडे पैसे मिळतात, पण माणूस मिळत नाही. तो घरातूनच काढावा लागतो.

उदाहरण एसटीचे देते. भावाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि ती विनातक्रार मिळते. सोबत्याची सवलत मात्र ६५ टक्क्यांच्या पुढच्या दाखल्याला आहे आणि भावाच्या दाखल्यावर ५० टक्के लिहिलेले आहेत. त्याला थांबा ओळखता येत नाही, म्हणून एकट्याला बसवता येत नाही. टक्क्यांच्या त्या रकान्यात ही गोष्ट लिहायला जागाच नाही.

योजनांची यादी कुठेही मिळते, ती इथे नको. सोयीपर्यंत पोहोचताना सोबत कोण आले, कोणाचा रोज बुडाला, कोणी न सांगता हात दिला, ते लिहावे. कार्यालयांची आणि डॉक्टरांची नावे कृपया घेऊ नयेत.

एक आई, पश्चिम महाराष्ट्र

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतून येणारे हालचालींचे अपंगत्व, आहे. दाखल्याच्या फेरतपासणीला गेलो तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्याचे वजन ४६ किलो होते. तपासणी दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. त्याच्या वडिलांनी त्याला पाठीवर घेतले आणि मी मागून पाय धरले, कारण स्नायू आखडले की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात आणि उचलणाऱ्याचा तोल जातो. जिन्याच्या वळणावर आम्ही दम खायला थांबलो, तेव्हा औषधाच्या रांगेतला एक अनोळखी मुलगा काही न विचारता पुढे आला आणि उरलेल्या पायऱ्या त्याने चढवल्या. वर गेल्यावर डॉक्टरांनी हात उचलायला सांगितले. माझ्या मुलाला सगळे समजते, पण हात निघायला वेळ लागतो. बाहेर इतकी गर्दी होती की तेवढा वेळ त्यांच्यापाशी नव्हता. राग आला तो त्या जिन्याचा.

निरामय या सरकारी आरोग्य विम्याचे एक लाखापर्यंतचे संरक्षण आम्ही घेतले आहे, त्यातून फिजिओथेरपीची काही बिले निघाली आणि त्याबद्दल मनापासून समाधान आहे. मात्र थेरपीला नेणारी मी कुठल्याच बिलात बसत नाही. मी शिवणकाम सोडले ते कायमचे. आणखी एक सांगते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. हे मला बँकेतले काम अडल्यावर कळले. ज्यांची मुले पंधरा-सोळाची आहेत त्यांनी ही चौकशी आत्ताच करावी, ही कळकळीची विनंती.

दृष्टिहीन कर्मचारी, मुंबई

माझ्यासाठी सोबत म्हणजे लेखनिक. परीक्षेत तासामागे २० मिनिटे जादा मिळतात, ती मलाही मिळाली. स्वतःचा लेखनिक न्यायचा तर, २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, तो तेव्हा आपल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा होता. मी ठरवलेला मुलगा परीक्षेच्या सकाळी तापाने फणफणला. आमच्या इमारतीच्या रखवालदाराची मुलगी बारावी झालेली होती. ती केस विंचरता विंचरता निघाली. आयत्या वेळी लेखनिक बदलण्याची मुभा त्याच सूचनांत होती आणि त्यांची छापील प्रत माझ्या बॅगेत होती, म्हणून केंद्रावर फार वाद झाला नाही. तिने प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. आकडेवारीचा तक्ता आला तेव्हा तिने माझ्या तळहातावर बोटाने रकाने आखले आणि एकेक आकडा त्या त्या जागी टेकवत सांगितला. असे वाचून दाखवायला तिला कोणी शिकवले नव्हते. आज मी ज्या नोकरीत आहे ती त्या परीक्षेची आहे.

बाबा, मराठवाडा

मुलीला केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र, मिळाले. स्वतःच्या बळावर मला ते जन्मात परवडले नसते. शस्त्रक्रिया एकदा झाली. बोलायला शिकवण्याची थेरपी आठवड्यातून दोनदा, येऊनजाऊन १२० किलोमीटर, तीन वर्षे चालली. तिला प्रत्येक खेपेला नेणारी तिची आजी होती.

नात, विदर्भ

माझे आजोबा कुष्ठरोगातून पूर्ण बरे झालेले आहेत, पण हातांची बोटे आखडली आणि झिजली आहेत. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती रक्कम १५०० वरून २५०० रुपये झाली, त्याचा घरात खरा आनंद झाला. अडचण पैसे काढताना येते. अंगठ्याच्या यंत्रावर बोट ठेवण्याआधी आजोबा ते धोतराला नीट पुसतात, दाबून ठेवतात, यंत्र नाही म्हणते, ते पुन्हा पुसतात. मागे रांग असते. डोळ्यांवरून ओळख पटवणारे यंत्र दुसऱ्या गावी आहे, तिथे मी त्यांना सायकलवर नेते. हयातीच्या दाखल्यालाही तसेच. मी लग्न होऊन गेल्यावर त्यांना कोण नेईल, हे ते मला विचारत नाहीत, आईला विचारतात.

एक आई, मेलबर्न

इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, एनडीआयएस या अपंगांसाठीच्या सरकारी योजनेबद्दल लिहिते. ही व्यवस्था २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात माणसाचे तास मोजले जातात, हाच मला मोठा फरक वाटतो. कायमचा रहिवास मिळेपर्यंत आमच्या स्वमग्न मुलीला या योजनेतून काहीही मिळाले नाही. ती वर्षे फार कठीण गेली. आता तिच्या आराखड्यात आठवड्यातल्या दोन दुपारी सहायक ठरलेली आहे. अहवाल आणि फेरतपासण्या इथेही सुटत नाहीत. लेक ‘नको’ आणि ‘पाणी’ एवढेच बोलते, तेही मराठीत, म्हणून त्या सहायकेला मी हे दोन शब्द शिकवले. पहिल्यांदा तिने लेकीचे ‘नको’ ऐकून ट्रामच्या गर्दीतून माघार घेतली, त्या दिवशी मी घरी दोन तास झोपले.

माजी ग्रामपंचायत सदस्य, खानदेश

स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. आमच्या गावात तो आधी वाटून टाकला जाई आणि प्रत्येकाच्या हाती थोडे थोडे येई. एका ग्रामसभेत एक पोलिओग्रस्त ताई उठून म्हणाल्या, "मला पैसे देऊ नका, बोर्डाच्या दिवशी गाडी द्या." त्या वर्षी आम्ही तपासणीच्या दिवसासाठी एक गाडी ठरवली. सात जण गेले. आशाताई स्वतःहून सोबत गेल्या आणि सगळ्यांच्या झेरॉक्स त्यांनी एकाच फायलीत लावल्या होत्या. त्यातल्या पाच जणांचे दाखले त्याच खेपेत मार्गी लागले. उरलेल्या दोघांना पुन्हा बोलावले होते, म्हणून पुढच्या महिन्यात तीच गाडी पुन्हा गेली.