मदत हवी आहे: विजेच्या वायरिंगवरून वरच्या मजल्यावर इंटरनेट नेलंय, पण वेग टिकत नाही

नमस्कार मंडळी,

राउटर खाली हॉलमध्ये आहे आणि मी काम करतो वरच्या मजल्यावर, अगदी मागच्या खोलीत. मध्ये काँक्रीटचा स्लॅब आणि दोन जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जिन्यातच संपतं, २.४ वर पोचतं पण नावापुरतं. रिपीटर लावून पाहिला. एकाच रेडिओवर सिग्नल घ्यायचा आणि त्याच्यावरच पुढे द्यायचा, त्यामुळे वेग निम्म्यावर आला. लॅन केबल ओढायला भिंत फोडावी लागेल आणि घर भाड्याचं आहे.

म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली. एक खाली, लॅन केबलने राउटरला जोडलेला. दुसरा माझ्या खोलीत, तो स्वतःचं वायफायही देतो. मधला प्रवास घरातल्या विजेच्या तारांमधून. खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलंय. राउटरला लॅपटॉप थेट जोडला की १०० मिळतात, वर मात्र १२ ते १५. अडॅप्टरला केबल लावून मोजलं तरी तेवढेच, म्हणजे दोष वरच्या वायफायचा नाही.

त्यात पाण्याची मोटर सुरू झाली की अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लाल होतो. परवा डॉक्टर व्हिडिओ कॉलवर आईचे रिपोर्ट समजावून सांगत होते, नेमक्या औषधाच्या डोसवर आले आणि चित्र गोठलं. तेव्हापासून हे सोडवल्याशिवाय चैन नाही. जाणकारांनी कृपया सांगावं: अडॅप्टर बदलू की वायरिंगमध्ये काही बघू?

प्रतिसाद १

६०० हा तारेवरचा कच्चा वेग, आणि येणारा-जाणारा डेटा त्यातच वाटून घ्यायचा असतो. हातात त्याचा एक तृतीयांश आला तरी खूश राहावं. शिवाय या वर्गातल्या बऱ्याच अडॅप्टरचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात ९५ च्या आसपास मर्यादा आलीच. तरीही १२ फारच कमी आहेत.

खालचा अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे की एक्स्टेंशन बोर्डवर? स्पाइक गार्ड असलेला बोर्ड असेल तर तोच गुन्हेगार. वीज ५० किंवा ६० हर्ट्झची, तुमचा डेटा २ मेगाहर्ट्झच्या वरचा. स्पाइक गार्डमधला फिल्टर वरच्या फ्रीक्वेन्सीला गोंगाट समजून गाळून टाकतो. त्यात तुमचा डेटाही जातो.

नवीन काही विकत घेण्याआधी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, जवळजवळच्या दोन सॉकेटमध्ये लावून वेग मोजा. तिथे चांगला आला तर अडॅप्टर धडधाकट आहेत, दोष वाटेत आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. घरात थ्री फेज जोडणी, म्हणजे तीन वेगळ्या तारांवरून येणारी वीज, आहे का? खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्यावर असेल तर सिग्नलला सरळ वाट नसते. शेजारून जाणाऱ्या तारांमधून जेवढा झिरपेल तेवढाच पोचतो. पण हे वायरमनकडूनच तपासून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका.

अडॅप्टरशेजारच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर असेल तर काढा. काही चार्जर तारेत भयंकर गोंगाट सोडतात. आणि जोडी जुळवायचं बटण दाबून स्वतःची एन्क्रिप्शन की, म्हणजे डेटा इतरांना वाचता येऊ नये म्हणून लागणारी गुप्त किल्ली, बनवून घ्या. तार मीटरपाशी संपत नाही, सिग्नल शेजारच्या घरात जाऊ शकतो.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! खालचा अडॅप्टर खरंच स्पाइक गार्डवर होता, कारण भिंतीतलं सॉकेट कपाटामागे दडलंय. आज कपाट वीतभर पुढे ओढलं, अडॅप्टर भिंतीत लावला आणि राउटरचा प्लग त्या बोर्डवर नेला. वर ४१ आले. मग माझ्या टेबलाखालचा लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या भिंतीवर हलवला, तर ५८! एका खोलीत दोन्ही ठेवून ९३ मिळाले, म्हणजे अडॅप्टर ठीक आहेत.

मोटर लागली की अजूनही ५८ चे २० होतात, पण दिवा लाल होत नाही आणि चालू कॉल तुटला नाही. जोडणी थ्री फेजच आहे. रविवारी वायरमन येतोय, त्याला दोन्ही मजल्यांचे फेज बघायला सांगतो. मोटरच्या लाइनवर फिल्टर बसवून कुणाला फरक पडलाय का?