रिकर्व्ह धनुष्याने तीन हरणं चुकवली, तिन्ही बाण पाठीवरून गेले. काय चुकतंय?

रिकर्व्हवाला_कोल्हापुरी:
नमस्कार मंडळी. मूळचा कोल्हापूरचा, गेली अकरा वर्षं मिशिगनला, ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला. इथे लायसन्स काढून सीझनमध्ये हरणाची शिकार कायदेशीर आहे, तेव्हा तो वाद नको प्लीज. आधी दोन वर्षं कंपाउंडने (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) केली, यंदा एका मित्राच्या नादाने जुना ४५ पौंडी रिकर्व्ह घेतला, नेम धरायची साइट नाही काही नाही, नुसतं लाकूड आणि दोरी. उन्हाळाभर मागच्या अंगणात रोज ३०-४० बाण मारले, २० यार्डवरून पेपर प्लेटमध्ये बसायचे, मला वाटलं झालं, जमलं आपल्याला. १ ऑक्टोबरला सीझन उघडला आणि आजपर्यंत तीन माद्या चुकवल्या. पहिली १८ यार्डवर, दुसरी साधारण २०, तिसरी तर १४ वर उभी होती राव, मान खाली घालून ओकची फळं खात. तिन्ही वेळा बाण पाठीवरून! तिसरी चार उड्या मारून थांबली आणि वळून माझ्याकडे बघत बसली, म्हणजे अपमानच की. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सीझन लागतो, मग काय जंगलात शांतता राहत नाही. तीन आठवडे आहेत हातात. कंपाउंड परत काढू का? आणि कृपा करून अर्जुन आणि पोपटाचा डोळा सांगू नका, बायकोने सांगून झालंय.

लाँगबो_पेन्सिल्व्हेनिया:
आधी एक, तिन्ही बाण पूर्ण चुकले हे नशीब समज. माझी एक मादी जखमी होऊन गेली होती, रात्रभर टॉर्च घेऊन शोधली, नाही सापडली. ते आठवलं की अजून पोटात ढवळतं.
आता तुझं. स्टँड, म्हणजे बसायचं मचाण, झाडावर आहे ना? आणि सराव जमिनीवर उभं राहून केलास? मग तिथेच मार खातोयस. वरून खाली मारताना कमरेतून वाकायचं, बो धरलेला हात नुसता खाली करायचा नाही. हात खाली केला की मागचा, दोरी ओढणारा हात गालावरून खाली सरकतो, बाणाची शेपटी खाली गेली की टोक वर, बाण पाठीवरून. दुसरं म्हणजे दोरीचा आवाज. तुझा बाण सेकंदाला फार तर १७० फूट जात असेल, म्हणजे २० यार्डला एक तृतीयांश सेकंद तरी लागतोच, आवाज त्याच्या सहापट वेगाने पोचतो. हरीण बाण चुकवत वगैरे नाही हां, ते पळायच्या आधी उडी घ्यायला खाली दबतं, तेवढ्यात पाठ चार-सहा इंच खाली जाते. म्हणून पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या भागात धर, मधोमध नको. बाण जड घे, मी ५०० ग्रेनच्या (साधारण ३२ ग्रॅम) आसपास वापरतो, बो गप्प होतो. दोरीला लोकरीचे गोंडे बांध. आणि २० यार्ड विसर, १५ च्या आत येईल तेव्हाच.

सातारी_तीर:
मी शिकार करत नाही, करणारही नाही, आणि आपल्याकडे वन्यजीव कायद्याने प्रश्नच मिटलाय. पण सात वर्षं तिरंदाजी केलीय म्हणून बोलतो. वरच्या दादांचं बरोबर आहे पण मला तुमच्या त्या ३०-४० बाणांचीच शंका येते. त्यातला पहिला कुठे जायचा ते आठवतंय का? २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपला नागपूरचा ओजस देवतळे फायनलला १५० पैकी १५० मारून आला, पण तो १५ बाणांचा सामना, त्याआधी वॉर्मअप, आणि कंपाउंडला साइट. तुम्हाला एकच बाण, तोही दोन तास थंडीत आखडून बसल्यावर, जाडं जॅकेट घालून. (जॅकेटची बाही दोरीला लागते का ते बघा, आमच्याकडे नवीन पोरांचं कायम व्हायचं.) रोज सकाळी उठल्या उठल्या एकच बाण मारा, कुठे लागला ते वहीत लिहा, बो ठेवून द्या. संध्याकाळी तीन फुटांवरून गवताच्या पेंढीवर डोळे मिटून, नेम नाही, फक्त गालाला हात टेकला का ते बघायचं. माझ्या मते तुम्ही हरीण दिसलं की हात टेकायच्या आधीच सोडताय.

पालेभाजी_प्रेमी:
बिचाऱ्या हरणाने काय घोडं मारलं होतं तुमचं?

रिकर्व्हवाला_कोल्हापुरी:
काही नाही हो ताई, म्हणून तर तिन्ही जिवंत आहेत.

रिकर्व्हवाला_कोल्हापुरी:
बारा दिवसांनी अपडेट. शेडच्या छपरावर चढून, जॅकेट घालून, १५ यार्डवर मारून बघितलं. पहिला बाण सहा इंच वर. दुसरा चार. पाचवा बरोब्बर मधे!! म्हणजे उन्हाळाभर मी पाचवा बाण बघून खूश होत होतो. वही केलीय, बारापैकी सात वेळा पहिला बाण प्लेटमध्ये, सुरुवातीचे तीन दिवस तर लिहायलाही लाज वाटत होती. कमरेतून वाकायला सेफ्टी हार्नेसचा पट्टा आडवा येत होता तो थोडा वरच्या बाजूला बांधला.
शनिवारी संध्याकाळी मादी आली, १२ यार्ड, आडवी उभी. ताणला, पण हात गालापर्यंत पोचलाच नाही, थरथरायला लागला, तर सोडला नाही, हळूच ढिला केला. ती खात खात निघून गेली, तिला पत्ताच नाही. मित्र म्हणतो वेडा आहेस, १२ यार्डवरचं हरीण कोण सोडतं. मला मात्र त्या रात्री झोप छान लागली. कंपाउंड अजून माळ्यावरच आहे.
@लाँगबो ते लोकरीचे गोंडे कुठून मागवलेस? इथल्या दुकानात रबराचेच मिळाले.

लाँगबो_पेन्सिल्व्हेनिया:
मागवतोयस कशाला, जुनी माकडटोपी उसव. दोरीच्या दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर एकेक बांध, आणि बांधल्यावर परत छपरावर चढून मारून बघ, बाण थोडा खाली जाईल.